एक साथीदार : रायपूरच्या पोरांची आणि त्यांच्या संगतीची गोष्ट

आजचा विषय मी ठरवलेला नाही, एका आईनं ठरवलाय. गेल्या महिन्यात इथे रायपूरमध्ये एका घरगुती कार्यक्रमात जेवणं आटोपल्यावर एक बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. मुलगा नववीत. म्हणाल्या, "सर, तुम्ही इतिहासावर एवढं बोलता, मला एक सांगा. माझा मुलगा सहा महिन्यांत ओळखू येईनासा झालाय. केस मित्रांसारखे, बूट मित्रांसारखे, बोलणंही त्यांचंच. घरी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतो. ही संगत तोडू कशी?"

मी तेव्हा एक गुळमुळीत उत्तर दिलं. "वय आहे, जाईल निघून," असलं काहीतरी. घरी आलो आणि मला त्या उत्तराची लाज वाटली. एक तर ते खरं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, त्या मुलाच्या जागी मी स्वतः एकदा होतो.

तेव्हा आजचं बोलणं म्हणजे त्या बाईंना उशिरा दिलेलं उत्तर समजा. मी इतिहासाचा मास्तर, मानसशास्त्राचा नव्हे. त्यामुळे उत्तर शोधायला मी माझ्या गावाच्याच इतिहासात गेलो. पण आधी माझी गोष्ट सांगतो.

साल १९७३. मी पंधरा वर्षांचा. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. आमचं घर मराठी, शाळा हिंदी. भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, मराठी माणसं या मुलखात आहेत. पण पंधरा वर्षांच्या पोराला इतिहासाचं काय? वर्गात आम्हाला "ए इकडे-तिकडे" म्हणून हाक मारायचे. मारामारी वगैरे काही नाही, नुसतं हसणं. पण त्या वयात हसण्याइतकं दुसरं काही लागत नाही. मी काय केलं, तर मराठी शाळेबाहेर ठेवली, मग रस्त्याबाहेर ठेवली, आणि शेवटी मित्र दारात आले की घरातही आवाज खाली आणायला लागलो.

एका संध्याकाळी आम्ही पाचजण सायकलींवरून गोलबाजारातून चाललो होतो. समोर माझी आजी. नऊवारी, हातात भाजीची जड पिशवी. तिनं मला पाहिलं आणि भर बाजारात हाक मारली, "अरे बाळू, थांब रे, ही पिशवी घे जरा!" मागून एकजण हसला. मी मान वळवली नाही. पायडल मारलं आणि पुढे गेलो.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग शेवटी सांगतो. आत्ता एवढंच लक्षात ठेवा, की मला कुणीही "थांबू नकोस" असं म्हटलं नव्हतं. दबाव म्हणजे कुणी हात पिरगाळतो असं आपल्याला वाटतं. इथे एक हसू पुरलं.

आता चला बुढा तलावाकडे. रायपूरचे लोक संध्याकाळी फिरायला जातात ती जागा. तलावाच्या मध्यात विवेकानंदांचा बसलेला भव्य पुतळा आहे, आणि तलावालाही आता त्यांचंच नाव आहे. विमानतळालाही आहे. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, विवेकानंद इथे कुठून आले? तर ते खरोखर आले होते, आणि पुतळ्यातल्या वयात नव्हे, तर आपल्या विषयाच्या वयात. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त नावाचा चौदा वर्षांचा मुलगा कलकत्त्याहून आपल्या घरच्यांबरोबर इथे आला. वडील विश्वनाथ दत्त वकील होते, कामानिमित्त रायपूरला राहत होते. तेव्हा नागपूरच्या पुढे रेल्वे नव्हती. पुढचा प्रवास बैलगाडीनं, जंगलातून, कित्येक दिवसांचा.

इथे बुढापारा भागातलं त्यांचं घर आजही दाखवतात. त्या मुलाच्या वाट्याला रायपूरमध्ये काय आलं? चरित्रकार सांगतात, त्याच्याजोगी शाळा इथे नव्हती. वर्ग नाही, वर्गमित्र नाहीत. साधारण दोन वर्षं हा मुलगा आपल्या वयाच्या टोळक्याबाहेर राहिला. संध्याकाळी वडिलांकडे गावातली जाणती माणसं जमायची. वाद व्हायचे. आणि विश्वनाथबाबू या चौदा वर्षांच्या मुलाला त्या वादात बसू द्यायचे, बोलू द्यायचे, आपल्याशी वाद घालू द्यायचे. १८७९ मध्ये कलकत्त्याला परतल्यावर त्यानं बुडालेला अभ्यास भरून काढला आणि प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात पास केली.

इथे पटकन एक निष्कर्ष काढायचा मोह होतो : बघा, मित्र नव्हते म्हणून मुलगा घडला! पण थांबा. याच विश्वनाथबाबूंची आणखी एक गोष्ट चरित्रांत येते. नरेंद्र एकदा आईला उद्धटपणे काहीतरी बोलला. वडिलांनी रागावणं नाही, मारणं नाही. नरेंद्र ज्या खोलीत मित्रांना भेटायचा, तिच्या दारावर त्यांनी कोळशानं लिहून ठेवलं, की नरेनबाबू आज आपल्या आईला असं असं बोलले. बस. मित्र यायचे, वाचायचे. मुलगा काय समजायचं ते समजला.

म्हणजे मित्रांच्या नजरेची ताकद त्या बापाला पुरेपूर ठाऊक होती. त्यानं ती नजर तोडली नाही, वापरली. आजच्या काळात मी कुणाला दारावर असं लिहायचा सल्ला देणार नाही, चारचौघांत लाज काढण्याचे परिणाम वाईट होतात. पण रायपूरच्या त्या दोन वर्षांतली मोलाची गोष्ट मित्र नसणं ही नव्हती. मोठ्यांच्या बैठकीत त्या मुलाच्या मताला किंमत होती, आणि वडिलांना "मला पटत नाही" म्हणायची मोकळीक होती, ही होती. एकदा घरात "पटत नाही" म्हणायची सवय लागली, की ती बाहेरही जाते.

आता आपण चाळीसेक वर्षं पुढे जाऊ, कारण या गावातल्या मुलांवर सगळ्यात मोठा दबाव आला तो एका राष्ट्रीय ठरावानं. डिसेंबर १९२०. आपल्या शेजारच्या नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि असहकाराचा कार्यक्रम पक्का झाला. सरकारी शाळांवर बहिष्कार हा त्यातला एक भाग. पण त्या ठरावात एक तपशील आहे, जो फार कमी लोक सांगतात. तिथे वयाची रेघ ओढली होती. सोळा वर्षांखालच्या मुलांबद्दलचं आवाहन मुलांना केलेलं नव्हतं, त्यांच्या पालकांना केलेलं होतं. आणि सोळा पूर्ण झालेल्यांना म्हटलं होतं, की सरकारी शाळेत राहणं तुमच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल, तर परिणामांची पर्वा न करता बाहेर पडा.

"पटत नसेल तर." कागदावर ही अट आहे. पण तुम्ही वर्गाचा विचार करा. चाळीस मुलं. वीस उठून गेली. बाहेर घोषणा चालू आहेत. मागे बसलेल्या एखाद्या मुलाचा बाप कचेरीत कारकून आहे, पोरगा शाळेतून उठला तर नोकरीवर गदा. तो मुलगा आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा आवाज ऐकेल की बाहेरच्या मित्रांचा? आणि जो उठून गेला, तो तरी कोणाचा आवाज ऐकून गेला?

ही शंका मीच आज काढतोय असं नाही. रवींद्रनाथ ठाकूरांनी ती तेव्हाच काढली होती. १९२१ साली मित्र अँड्र्यूज यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वदेशीच्या दिवसांतली एक आठवण सांगितली आहे. विद्यार्थ्यांचा एक घोळका त्यांच्याकडे आला होता. तुम्ही सांगा, आम्ही आत्ता शाळा-कॉलेज सोडतो, असं म्हणत होता. रवींद्रनाथांनी ठाम नकार दिला. मुलं रागावून गेली. या माणसाचं देशावर प्रेम आहे की नाही अशी शंका घेत गेली. लक्षात घ्या, स्वातंत्र्याची ओढ चुकीची होती असं त्यांचं म्हणणं नव्हतं. दुसऱ्याच्या हुकमावर हातातलं टाकून देणं त्यांना मान्य नव्हतं, मग तो हुकूम स्वतः त्यांचाच का असेना.

रायपूरनं यावर काय केलं? नुसतं "बाहेर पडा" म्हणून गाव थांबलं नाही. १९२१ मध्ये इथे राष्ट्रीय विद्यालय उभं राहिलं. त्यामागे दोन मराठी माणसं होती, पंडित माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे. लाखे रायपूरचेच. सहकारी चळवळीतल्या कामासाठी सरकारनं दिलेली रायसाहेब ही पदवी त्यांनी असहकारात परत केली होती. पोरांना सोडायला सांगण्याआधी त्यांनी आपल्याकडचं सोडलेलं होतं. आणि बाहेर पडलेल्या मुलाला जायला एक जागा केली होती. मुलांना भर रस्त्यावर आणून सोडणारे पुढारी प्रत्येक काळात असतात. मुलं बाहेर पडली तर उद्या सकाळी अकरा वाजता ती कुठे बसतील, हा प्रश्न विचारणारे कमी असतात.

मग आलं १९३०. मिठाचा सत्याग्रह. रायपूरजवळ समुद्र नाही, पण लाट इथेही आली. या गावातल्या पाच पुढाऱ्यांना लोक पाच पांडव म्हणायचे. वामनराव लाखे युधिष्ठिर, महंत लक्ष्मीनारायण दास भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. एक मराठी वकील, एका मठाचे महंत, एक राजपूत, एक मौलाना, एक मारवाडी. गावातल्या पोरांनी ही जोडगोळी रोज डोळ्यांनी पाहिली. आणि मोठ्यांनी केलं की लहानांना करायचंच असतं. देशभर तेव्हा वानरसेना निघाल्या होत्या. अलाहाबादला बारा वर्षांची इंदिरा नेहरू त्यात होती. रायपुरातही वानरसेना उभी राहिली. मार्गदर्शन यती यतनलाल यांचं, आणि म्होरक्या बलिराम आझाद नावाचा एक शाळकरी पोरगा.

वानरसेनेचं काम काय? निरोप पोचवणं, पत्रकं वाटणं, प्रभातफेरीत गाणं. मोठ्या माणसाकडे पोलिसांचं लक्ष असतं, पोराकडे नसतं. आता खरं बोलू. आठ-दहा-बारा वर्षांची मुलं देशाच्या राजकारणावर स्वतंत्र विचार करून निघाली होती, असं मी म्हणणार नाही. शेजारचा गेला म्हणून हा गेला. गल्लीतली सगळी पोरं टोपी घालून चालली असताना आपण ओट्यावर बसून राहणं कोणाला जमतं? आज नववीतला मुलगा मित्रासारखे बूट मागतो, त्यामागची ओढ आणि ही ओढ एकाच जातीची आहे. तीच ओढ एका पिढीला तुरुंगाच्या दारापर्यंत घेऊन गेली, आणि आपण तिला देशभक्ती म्हणतो. तीच ओढ दुसऱ्या पिढीला पानाच्या टपरीवर घेऊन गेली, आणि आपण तिला वाईट संगत म्हणतो. मुलगा तोच. फरक पडतो तो घोळक्याला कशाचं मोल वाटतं याचा, आणि घोळक्याच्या आसपास कोण मोठं माणूस आहे याचा.

आता याची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १९४२. 'चले जाव'च्या ठरावाला अजून काही आठवडे होते. रायपूरमध्ये परसराम सोनी नावाचा तरुण आणि त्याचे सोबती गुप्तपणे शस्त्रं तयार करत होते. शस्त्रं घडवायची कला परसरामनं गिरिलाल नावाच्या जाणत्या कारागिराकडून घेतलेली. ही मुलं शाळकरी नव्हती, तरणीबांड होती. पण गटाचं बळ कसं चालतं ते इथे फार स्पष्ट दिसतं. असलं काम विश्वासावर चालतं. एकाला दुसऱ्याचं नाव माहीत असतं आणि ते नाव ओठांवर येणार नाही याची प्रत्येकाला खात्री असते. जुलै १९४२ मध्ये ती खात्री तुटली. गटातलाच एक मित्र फुटला, त्यानं पोलिसांना खबर दिली आणि परसराम पकडला गेला. मग धरपकड, खटला, शिक्षा. रायपूर षडयंत्र केस म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. इंग्रजांच्या गुप्तचरांना जे जमलं नसतं, ते एका दोस्ताच्या फिरण्यानं झालं.

या सगळ्या गोष्टी मी बरीच वर्षं वर्गात वेगवेगळ्या सांगत होतो. त्या एका धाग्यात बसल्या त्या एका प्रयोगामुळे. तो प्रयोग रायपूरचा नाही, अमेरिकेतला आहे, पण आपल्या कामाचा आहे म्हणून सांगतो.

सॉलोमन अ‍ॅश नावाचे मानसशास्त्रज्ञ. जन्म वॉर्साचा, कर्मभूमी अमेरिका. १९५०च्या सुमारास त्यांनी कॉलेजच्या मुलांना एका खोलीत बसवलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा. तिघींपैकी पहिलीएवढी लांब कोणती ते सांगायचं. बालवाडीतलं पोरही सांगेल इतकं सोपं. पण गंमत अशी, की खोलीत खरा विद्यार्थी एकच होता, बाकीचे सगळे आधीच पढवलेले. ते एकामागून एक, शांतपणे, चुकीचं उत्तर द्यायचे. मग याची पाळी. या मुलांनी अशा वेळी सुमारे एक तृतीयांश उत्तरं घोळक्याबरोबर चुकीची दिली. डोळ्यांना दिसत होतं, तरी.

हे बरेच जण सांगतात. पुढचं कमी जण सांगतात. अ‍ॅशनी मग घोळक्यात एकच माणूस असा ठेवला, जो खरं उत्तर द्यायचा. एकच. बाकीचे सगळे तसेच चुकीचे. आणि घोळक्याचा जोर एकदम ओसरला. चुका आधीच्या जेमतेम एक चतुर्थांशावर आल्या. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. तो एक साथीदार मध्येच फिरला आणि घोळक्यात सामील झाला. लगेच चुका पुन्हा वर चढल्या. रायपूरच्या १९४२ मध्ये जे घडलं, त्याची ही जणू कागदावरची आकृती.

किशोरवयाचं म्हणाल, तर २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी तीन वयोगटांतल्या ३०६ जणांना व्हिडिओ गेमवर गाडी चालवायला दिली. काहींना एकट्यानं, काहींना मित्र बघत असताना. मोठी माणसं दोन्ही परिस्थितींत सारखीच चालवत होती. पण तेरा ते सोळा वयाची मुलं मित्र बघत असताना दुपटीहून जास्त धोका पत्करत होती. म्हणजे मूल एकटं असताना जे असतं, ते घोळक्यात नसतं. आणि म्हणून एकट्या मुलाला घरी बसवून दिलेला उपदेश घोळक्यात पोचत नाही. तिथे पोचतो तो आधीपासून तिथे असलेला एखादा.

हे फक्त मुलांचं आहे असंही नाही, आणि यासाठी मला माधवराव सप्र्यांकडे परत जायचंय. सप्रे जन्मले १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी, आणि शिकले रायपुरात. घरात मराठी. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. सोबत कोण? संपादनाला रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशक म्हणून आपले वामनराव लाखे. छत्तीसगडच्या हिंदी पत्रकारितेची सुरुवात तीन मराठी दोस्तांनी केली! ग्राहक थोडे, पैसा नाही. तरी तीन वर्षं चालवलं. एकट्यानं तीन महिनेही चाललं नसतं.

पुढे नागपूरला सप्र्यांनी टिळकांच्या 'केसरी'चा विचार हिंदीत नेणारा 'हिंदी केसरी' काढला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. वय सदतीस. तुरुंगात त्यांच्यावर सर्वांत मोठा दबाव सरकारचा नव्हता, घरचा होता. वडीलधाऱ्या भावानं, घराची वाताहत होईल म्हणून, माफीपत्रावर सही करायला लावलं. सप्र्यांनी सही केली आणि सुटले. पण ती सही त्यांना आयुष्यभर खुपली. सुटल्यावर त्यांनी लोकांतून अंग काढून घेतलं, वर्ध्याकडे हनुमानगडावर राहिले, माधुकरी मागून जगले आणि रामदासांच्या विचारात बुडाले. त्यातून पुढे 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद आला, टिळकांच्या 'गीतारहस्या'चा आला.

मी या माणसाला दोष देणार नाही. कोठडीत शेजारी उभं राहून "नको, सही नको, आम्ही घर बघतो" म्हणणारं कोणी नव्हतं. अ‍ॅशच्या खोलीतला तो एकटा विद्यार्थी आठवा. सदतीस वर्षांचा विद्वान संपादक वाकतो, तर चौदा वर्षांच्या पोरानं ताठ उभं राहावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करतो? मला सप्र्यांमध्ये मोठं वाटतं ते नंतरचं. ते वाकले, ते वाकलोय हे त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही, आणि १९२१ मध्ये दुसऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा उभी करायला लाखे नावाच्या त्याच जुन्या दोस्ताशेजारी ते पुन्हा उभे राहिले.

आता माझी राहिलेली गोष्ट.

गोलबाजारात मी पुढे निघून गेलो. दहा-बारा पायडलं मारली असतील. मागे पाहिलं तर आमच्यातला एकजण नव्हता. तो खेड्यातून शिकायला आलेला मुलगा. घरात छत्तीसगढ़ी बोलणारा. माझ्या मराठीला हसायचे, त्याच्या छत्तीसगढ़ीलाही हसायचे, फक्त त्याच्यावर हसताना मीही हसायचो. तो सायकलवरून उतरला होता. आजीची पिशवी त्यानं हँडलला लावली होती आणि तिच्याबरोबर चालत येत होता. आम्ही चौघं थांबलो. एकजण काहीतरी बोलला, पुन्हा हसू आलं. तो अगदी सहज म्हणाला, "मोर डोकरी दाई घलो अइसनेच चिल्लाथे." माझी आजीपण अशीच ओरडते.

संपलं. हसणं थांबलं. पुढे त्या हसण्याला कधी पूर्वीची धार आली नाही. मी सायकल वळवली आणि आजीच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लागलो. घरी पोचल्यावर तिनं दोघांनाही सारखे लाडू दिले. मी मान न वळवता निघून गेलो होतो, हे तिला दिसलं होतं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. मीही कधी बोललो नाही. माफी मागायची राहूनच गेली. आज पन्नासहून जास्त वर्षांनी तुमच्यापुढे सांगतोय, ती तीच.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. संगत तोडू नका. तोडता येणार नाही, आणि आली तरी पोरगं एकटं पडेल, आणि एकटं माणूसच लवकर वाकतं. त्याऐवजी त्या चार-पाच पोरांना घरी जेवायला बोलवा. एकदा नाही, वरचेवर. लक्ष ठेवायला नव्हे, ओळख करून घ्यायला. त्यातला एक असा असतोच, जो हसणाऱ्यांत असूनही थोडा कमी हसतो. त्याला ओळखा. त्याची आईही ओळखीची करून घ्या. दुसरं, तुमच्या मुलाला घरी तुमच्याशी वाद घालू द्या. विश्वनाथबाबूंनी घालू दिला तसा. घरात "नाही" म्हटल्यावर ज्याला रट्टा मिळतो, त्याच्या तोंडून बाहेर "नाही" निघणार कसं? आणि तो हिंदीत उत्तर देतो म्हणून दुखावू नका. तुम्ही मराठीतच विचारत राहा. माझी आजी भर बाजारात मराठीतच हाक मारत राहिली, म्हणून आज मी तुमच्याशी मराठीत बोलतोय.

आणि जे पंधरा-सोळा वर्षांचे कोणी हे ऐकत असतील, त्यांना एकच सांगतो. घोळक्याविरुद्ध एकट्यानं लढायला जाऊ नका, ते फार थोड्यांना जमतं. पण घोळक्यात कोणी एक जण एकटा पडलेला दिसला, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. भाषण करायची गरज नाही. पिशवी हातात घेतली तरी चालतं.

भेटू पुढच्या भागात.